लेन्सवरचं खोबरेल

शाल्मली पुण्याला निघाली, की आप्पांचा जुना व्हिडिओ गेम डिस्क वाचेनासा व्हायचा. कंबर मोडल्यापासून त्यांना दुसरा विरंगुळा नव्हता, म्हणून नोकरीवर रुजू होणं लेकीने दोनदा पुढे ढकललं होतं. आज बॅग रिक्षात ठेवून झाली होती. ‘मांडवीची खारी हवा गो, लोखंड टिकत नाही तिथे लेन्स काय टिकणार,’ आप्पा पलंगावरून म्हणाले. तिने डिस्क पुसली, यंत्र उलटं करून पाहिलं, शेवटी झाकण उघडून लेन्सवर कापूस फिरवला. कापूस तेलकट झाला. तिने तो नाकाशी नेला. खोबरेल. आप्पा डोक्याला लावायचे तेच. तिने मान वर केली, तर आप्पा भिंतीकडे बघत चादरीला बोटं पुसत होते. ‘लेन्स गेलीय, आप्पा. नवी मागवावी लागेल,’ ती म्हणाली. ‘महिना तरी जाईल?’ त्यांनी विचारलं. ती बॅग उतरवायला गेली.