रविवारची सुई

पुतळाबाईंच्या उजव्या पायाचा अंगठा दिवाळीनंतरच्या मंगळवारी कापावा लागला. पण लेकीचं, करिष्माचं, लग्न लागेपर्यंत तो कापलेला नाही, असं घरात ठरलं. व्याह्यांना सांगितलं, पायाचा अंगठा मुरगळलाय. माणसं प्रेमळ. त्यांनी चिखलोलीहून मुरगळल्यावर चोळायचं तेल पाठवलं. वर फोन करून विचारलंही, "अंगठ्याला आराम पडला का?" पडला होता. अगदी कायमचा.

बेलवलीतल्या प्रत्येक हळदीत पुतळाबाई अनवाणी नाचल्या होत्या. बेंजोवाले थांबायचे, त्या थांबत नसत. आता स्वतःच्या लेकीच्या हळदीत त्या खुर्चीवर बसणार होत्या, सूज असल्याचा अभिनय करत.

दोष त्यांचाच होता, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. मधुमेह असून बाई चोरून गोड खाते. हॉस्पिटलच्या कागदावरही तसंच छापून आलं होतं: रुग्णाने पथ्य पाळले नाही.

पुतळाबाईंनी आधी चहातली साखर सोडली होती. मग आंबा. मग केळं. शेवटी बटाट्याशी बोलणं सोडलं. दर रविवारी सकाळी साडेसातला, डॉक्टरांनी त्यांच्या नावाने लिहून दिलेली आठवड्याची सुई करिष्मा त्यांना टोचायची. पुतळाबाई सुईला घाबरत. डोळे गच्च मिटून गावदेवीचं नाव घ्यायच्या. तरी साखर खाली येईना.

थोरला मुलगा कल्पेश वैतागला. श्रावणात त्याने फ्रिजच्या वर कॅमेरा बसवला. किचनमध्ये कोणी हललं, की त्याच्या मोबाईलवर टिंग वाजायचं. "आये, तुझ्याच भल्यासाठी," तो म्हणाला. कॅमेऱ्यात पुतळाबाई एकदाही सापडल्या नाहीत. त्यावरून त्यांनी स्वतःच निष्कर्ष काढला, की आपण झोपेत खात असणार, आणि तेही कॅमेरा चुकवून. मग झोपताना त्या एक हात खाटेला बांधून घेऊ लागल्या.

घरात एक गोष्ट मात्र झकास चालली होती. करिष्माचा हळदीचा घागरा उल्हासनगरहून आणलेला, तो दोन साइज लहान निघाला. दुकानदाराने न बोलता भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं: बिका हुआ माल वापस नहीं होगा. घागरा बदलून मिळेना, म्हणून करिष्मा बदलली. पाच महिन्यांत सोळा किलो. केस गळाले. भाताच्या वासाने उमासे यायचे. जिना चढताना कठड्याला धरून उभी राहायची. शेजारणी म्हणायच्या, "पोरगी काय चमकतेय बघा! लग्नाचं तेज."

हळदीच्या आदल्या रविवारी कल्पेश आंघोळीला गेला आणि मोबाईल पुतळाबाईंच्या उशाशी विसरला. साडेसातला टिंग वाजलं. पडद्यावर किचन आलं. फ्रिज उघडा. करिष्माने सुईचं पेन काढलं, टी-शर्ट वर केला, स्वतःच्या पोटाला सुई लावली, बटण दाबलं आणि दहापर्यंत मोजलं. मग सुई बदलली. तेवढी स्वच्छता होती.

दोन मिनिटांनी ती खोलीत आली. "आये, सुई. डोळे मीट."

पुतळाबाईंनी या वेळी मिटले नाहीत. सुई टोचली. निघाली.

"झालं," करिष्मा म्हणाली.

"बटण दाबलंस नाय."

करिष्माच्या हातातला कापसाचा बोळा खाली पडला. तिने तो उचलला नाही. वाकली की तिला चक्कर यायची.

तेवढ्यात कल्पेश टॉवेल गुंडाळून धावत आला. आधी मोबाईल बघितला, मग बहिणीकडे, आणि मग पंख्याकडे. पंखा बंद होता.

"तू कवा बघितलंस?" पुतळाबाईंनी त्याला विचारलं.

"कॅमेरा लावला त्याच्या तिसऱ्याच दिवशी. गणपतीच्या आधी."

गणपतीच्या आधी अंगठ्याला नुसता फोड होता. साखर वाढत होती, म्हणून डॉक्टर डोस वाढवत होते. डोस वाढत होता, म्हणून त्या सुईने भूक मरून करिष्मा झपाट्याने उतरत होती. आणि कल्पेश ते सगळं रोज चार्ज करून खिशात घेऊन फिरत होता.

"मग बोललास का नाय?"

कल्पेशने टॉवेलची गाठ घट्ट केली. "तो शेट घागरा परत घेतच नव्हता गं, आये."

पुतळाबाईंनी मान हलवली. अडचण खरीच होती. त्यांनी उशाखालून हॉस्पिटलचा कागद काढला. कपाटातल्या पत्रिकांच्या गठ्ठ्यातून कोरा कागद मागवला आणि लेकीच्या पुढ्यात ठेवला.

"लिही. तुझं अक्षर चांगलं हाय. आदी अंगठा घे, मागाहून विसरशील." हाताचा अंगठा त्यांनी काजळाच्या डबीत बुडवून कागदाच्या खाली दाबला. "ह्यो तरी हाय अजून."

करिष्मा रडत होती. लिहीतही होती. खाडाखोड एकही नव्हती.

"प्रति, माननीय मोठे डॉक्टर साहेब. विषय: कापलेल्या अंगठ्याच्या कागदावरील कारण दुरुस्त करून मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, 'रुग्णाने पथ्य पाळले नाही' हे वाक्य खोडून त्या जागी 'मुलीला घागरा बसला' असे लिहावे. तसेच अर्जदारास लेकीच्या हळदीत नाचायचे असल्याने, सदर अंगठा येत्या शनिवारपर्यंत मूळ जागी बसवून मिळावा, ही नम्र विनंती."