एक तुमाले, एक मले

कापसाचा तिसरा बोळाही लाल झाला. मैनाबाईची दाढ काढून दीड तास झाला होता. रक्त काही थांबायचं नाव घेईना.

डॉक्टर आरतीनं चौथा बोळा दाबून बसवला. "काकू, गोळी कोणती चालू आहे का, म्हणून विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"माही नाई ना बाई," मैनाबाई बोळ्याआडून बोलली. "यायची हाये." तिनं शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे, भगवंतरावांकडे बोट केलं.

गेल्या वर्षी अमरावतीला त्यांच्या हृदयाच्या शिरेत स्टेंट बसवला. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्या, मोठ्या डॉक्टरनं बजावलं. पण गडी हट्टी. "मी काय बिमार हावो?" म्हणून गोळी भिरकावून देई. शेवटी मैनाबाईनं तोड काढली. जेवणं झाली की ती दोन गोळ्या तळहातावर घेई. एक तुमाले, एक मले. लेकराला घास भरवताना आई खाऊन दाखवते, तशी ती आधी गिळून दाखवी. मग म्हाताराही तोंड उघडी.

आरतीनं कपाळाला हात लावला. "अहो, शीर फुटली की रक्तातली एक प्लेटलेट आधी जागी होते. जखमेला चिकटते, तिला हात फुटतात, ती बाकीच्यांना हाक मारते. साऱ्या धावतात, हातात हात घालून फेर धरतात, अन् रक्ताची वाट बंद. स्टेंटमध्ये असा फेर धरला गेला, तर काकांचं हृदयच बंद पडेल. म्हणून ही गोळी ती हाकच दाबून टाकते. तुमच्या जखमेची हाक मग कोण ऐकणार?"

मैनाबाई आपली दाढ विसरून नवऱ्याकडे वळली. "मंग यायलेबी लागलं, तं असंच वाहीन?"

"वाहायलाच हवं." आरती बोलता बोलता थबकली. "काका, या दिवाळीआधी तुमची दाढ मीच काढली ना? तुमचं तर पाच मिनिटांत थांबलं. अन् गोळी चालू नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

भगवंतराव टोपीची घडी घालू लागले.

"मंग रोजची गोळी कुठी जाये?" मैनाबाईनं विचारलं.

"जिभेखाली दाबत होतो, अंगनात गेलो का थुकत होतो," ते हळूच म्हणाले. "तुले बरं वाटे, म्हनून तोंडात घेत होतो."