सरावातला पेशंट

परदेशातल्या नोकरीसाठी नर्स दुर्गेश्वरीला इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यायची होती. त्या परीक्षेत पेशंटशी मायेनं बोलून दाखवावं लागतं. उच्चारांपायी ती एकदा नापास झाली होती, म्हणून गोंदियाच्या क्लासमधल्या सरांचं सांगणं या वेळी तिनं फार मनावर घेतलं होतं. परीक्षा होईपर्यंत घरातसुद्धा इंग्रजीशिवाय तोंड उघडायचं नाही.

सरावासाठी पेशंट व्हायची तिची आई, देवकाबाई. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नसे. पण तेवढा वेळ तरी लेक समोर बसून तिच्याकडे पाहायची, म्हणून दवनीवाड्याच्या त्या घरात ती हातातलं काम टाकून खाटेवर येऊन बसायची.

आज दुर्गेश्वरीनं मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, पुढं झुकून आवाज मऊ केला आणि विचारलं, "व्हेअर डज इट हर्ट, मॅडम?"

त्या आवाजानं देवकाबाईला धीर आला. तिनं लेकीचा हात धरून पदराखाली, छातीवर ठेवला.

"इथं, बाई. दिवाळीपासून आहे. तुले सांगू कवा, तू तं बोलूनच नाही राहिली."

बोटांना गाठ लागली. टणक, जागची न हलणारी. अशा गाठींचं पुढं काय होतं, हे दुर्गेश्वरीनं वॉर्डात पुष्कळदा पाहिलं होतं. परीक्षा सोमवारी होती.

तिनं हात काढून घेतला, रेकॉर्डिंग पुसलं आणि कित्येक दिवसांनी ती आईशी मराठीत बोलली.


"माय, आज छाती नाही, गुडघेदुखी आहे. हात गुडघ्यावर ठेव."