टिनाचा कोठा

रिठदच्या इंद्रभाननं गुरांचं कुटार ठेवायला नवा कोठा बांधायला घेतला, तेव्हा बायकोनं, केशरबाईनं, एकदाच सांगून पाहिलं.

"वर गवतच टाका. सारं गाव तेच टाकते."

"अन् दर साली वावटळीत उडते, मंग पावसात कुटार सडते. टिन टाकलं म्हणजे पोरायच्या पोरायले पुरते."

त्यानं हट्टानं वाशीमहून बैलगाडीत टिनं आणली, आणि शेजारच्या देवमनच्या गवती कोठ्याकडे पाहून मिशीतल्या मिशीत हसला.

बहात्तर साली पाऊस फिरकलाच नाही. कुटार संपलं, चारा कुठंच मिळेना. देवमन आपल्या कोठ्यावर चढला आणि छपराचं जुनं, काळं पडलेलं गवत उपसून बैलांपुढे टाकू लागला. बैल तेही खात होते.

इंद्रभानचा एक बैल बसला तो उठलाच नाही. दुसरा रिकाम्या कोठ्यात भिंतीला चिकटलेली कुटाराची धूळ चाटत होता.

"देवमनभाऊले पेंढीभर गवत मागता काय?" केशरबाईनं हळूच विचारलं.

"त्याच्याच कोठ्यातून आता आभाळ दिसून राह्यलं. कोणत्या तोंडानं मागू?"

इंद्रभाननं वर पाहिलं. टिनाचा एक खिळाही ढिला झाला नव्हता.