हिला ती सुई चालत नाही

“हिला ती सुई चालत नाही हं! ओठ सुजून निळी पडली होती पोर!”

आईचा तो आवाज सूरवालीच्या कानात लहानपणापासून घर करून होता. दवाखाना बदलला की आई आधी हे सांगे, मग लेकीचं नाव.

आता इस्पितळात भरती होताना तेच सूरवालीनं स्वतः डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं. जंतू तिच्या हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले होते. त्यावरचं नेमकं औषध पेनिसिलिन. ते चालत नाही म्हणून दुसरं सुरू होतं, नळीतून, थेंबाथेंबानं. ताप उतरू लागला. पण कानात शीळ घुमू लागली.

शाळांमधली, गायनवर्गांमधली वाद्यं सुरात लावायची, हे तिचं काम. म्हणून तर ती सूरवाली. कानावरच तिचं पोट होतं, आणि जीवही.

“तुमची औषधांची गाडी पंचमात रडते हो,” ती नर्सला म्हणायची. “चाकाला तेल घाला, नाहीतर मला उठू द्या, मी लावते सुरात.”

“आधी तुम्ही या सुरात, मग गाडीचं बघू!”

दुपारी डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून, लेकीच्या उशाशी बसलेल्या आईसमोर बसल्या.

“मावशी, हे औषध कानांवर उतरतंय. लहानपणीची अ‍ॅलर्जी पुष्कळदा मोठेपणी राहत नाही. पेनिसिलिनचा एक थेंब कातडीवर लावून बघू? मी इथंच थांबते.”

“थेंबसुद्धा नको.”

“तेव्हा नेमकं काय झालं होतं?”

“चार वर्षांची होती. घसा धरला म्हणून सुई दिली. दवाखान्याच्या पायरीवरच अंगभर गांधी उठल्या. ओठ सुजले. श्वास आत जाईना.”

“मग? सूज कधी उतरली?”

आई चादरीची सुरकुती सरळ करत राहिली. सरळ झाली तरी करत राहिली.

“घरी आणली,” ती म्हणाली.

“मला कसं गं यातलं काहीच आठवत नाही?” सूरवालीनं विचारलं.

“एवढ्याशा पोराला काय आठवायचंय! पड तू.”

सूरवाली डॉक्टरीणबाईंकडे वळली. “आई नको म्हणते ना, मग नकोच. तिनं डोळ्यांनी बघितलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधांची गाडी खोलीत आली. सूरवाली हसली.

“अरे वा! घातलंत वाटतं तेल!”

नर्स जागच्या जागी थांबली. तेल कुणी घातलं नव्हतं. चाक कालच्यासारखंच रडत आलं होतं. तिनं आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. लेकीच्या कानांची कवाडं कुणीतरी एकेक करून लावून घेत होतं, आणि कडी आपल्याच हातात आहे, हे आईला कळलं.

नर्सनं डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी कान तपासले आणि नळी बंद केली.

“आता हे देता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “आणि काहीच दिलं नाही तर झडप…”

“पेनिसिलिन द्या,” आई म्हणाली.

“मावशी, काल तर तुम्ही थेंबालाही…”

“द्या म्हणते ना. काय ती चाचणी करा आणि द्या.”

“आई, काय बोलतेस तू?” सूरवाली कोपरावर उठली. “मी निळी पडले होते ना?”

आईनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. हळू बोलून आता तिला ऐकू गेलं नसतं. जन्मभर जे स्वतःशीही पुटपुटलं नव्हतं, ते खोलीभर ऐकू जाईल असं बोलायचं होतं.

“चार वर्षांची होती ती,” आई म्हणाली. “पायरीवरून उचलली तेव्हाच श्वास थांबला होता तिचा. तू तेव्हा माझ्या पोटात होतीस.”