पाहुण्यांची सोय

दाजींनी बिल्ला उचलला नव्हता. वाकडा दिसला म्हणून सरळ केला, इतकंच.

“आलात का पाहुणे?” टेबलामागच्या बाई उठून उभ्याच राहिल्या. “सकाळपासून डोळे लावून बसलोय. हा आपलाच ना?”

टेबल स्टेशनच्या दारात होतं. वर फलक होता: आंतरराष्ट्रीय कुलूप उद्योग परिषद, प्रवास आणि निवासाची माहिती. दाजी थांबले होते ते तिथल्या फुकटच्या पाण्यासाठी. बाकीच्या बिल्ल्यांवर फोटो होते, नावं होती. या एकावर नुसतं ‘विशेष पाहुणा’.

दाजींनी हातातल्या बॅगेकडे बघितलं.

बादल्यांच्या कारखान्यातून त्यांना नारळ मिळाला होता आणि घरी कोणाला पत्ता नव्हता. ऑफिसच्या कामाला बोलावलंय, अशी थाप मारून ते निघाले होते. मित्राकडे पडून राहायचं, गुपचूप नवी नोकरी बघायची, असा बेत. मित्राच्या दाराला हे एवढं कुलूप, म्हणून पुन्हा स्टेशनवर. घरून निघताना मेहुणा दाराला टेकून म्हणाला होता, “दाजी, तुम्हाला बोलावलंय? नक्की? का राँग नंबर लागला?” बायको हसली नव्हती. “जाऊ दे रे दादा, येतील जाऊन,” एवढंच म्हणाली. तेच जास्त लागलं होतं.

“माझाच,” दाजी म्हणाले.

“वाटलंच,” बाई म्हणाल्या आणि बिल्ला त्यांच्या गळ्यात घातला.

ओळखपत्र नाही, सही नाही, काही नाही. एका दणकट माणसाने बॅग काढून घेतली आणि तो हसतमुखाने बाजूला उभा राहिला.

बसमध्ये देशोदेशीचे कुलूपवाले. दाजी चढले तशी सगळी बस वळून बघायला लागली. एका उंच गोऱ्या माणसाने हात हातात घेऊन दाबला. “पाहुणा,” तो म्हणाला. “पाहुणा, पाहुणा.”

“यांना आपल्या भाषेतला एवढाच शब्द येतो,” बाई म्हणाल्या. “धंद्यात लागतो ना.”

मागच्या सीटवरून कोणीतरी हळूच फोटो काढला. दाजींनी केस सारखे केले.

खोली झकास निघाली. पांढरीशुभ्र गादी, दोन उशा, खिडकीतून बाग.

“कडी दिसत नाही आतून,” दाजी म्हणाले.

“पाहुण्यांच्या खोलीला नसते,” बाई म्हणाल्या. “काळजी करू नका, हा दारात उभा असतो.” दणकट माणसाने मान हलवली.

“ताई, एक सांगायचं होतं. म्हणजे मी तसा—”

“आत्ता नको. दुपारी स्टेजवर सांगा, सगळ्यांसमोर.”

“स्टेजवर?”

“मग? सगळी परिषद तुमच्यासाठीच तर थांबलीय.”

दाजी गादीवर बसले ते बसलेच. तेवढ्यात फोन वाजला.

“अहो, पोचलात का? राहायचं कसं आहे? डास नाहीत ना?”

“हॉटेल आहे,” दाजी म्हणाले. “मोठं.”

“मागून दादा विचारतोय, कितव्या मजल्याच्या जिन्याखाली झोपवलंय.”

दाजींना बोलायचं नव्हतं. तरी तोंडातून निघून गेलं, “त्याला सांग, विशेष पाहुणा आहे मी.”



“वहिनी का?” दारातून बाई आत डोकावल्या. “त्यांना म्हणावं, कार्यक्रम फोनवर दिसतो. द्या, मी लिंक पाठवते.” दाजी नाही-नाही म्हणेपर्यंत त्यांनी फोन घेऊन पाठवलीसुद्धा.

बाई गेल्यावर दाजींनी बॅग उचलली आणि दार हळूच ढकललं.

“काही हवंय का पाहुणे?” दणकट माणूस म्हणाला.

“जरा पाय मोकळे करतो.”

“बॅग घेऊन?”

“सवय आहे.”

“चला, मीही येतो.” बॅग पुन्हा त्याच्या हातात गेली. दोघं बागेला एक फेरी मारून मुकाट परत आले.

दुपारी दाजींना हॉलमध्ये नेलं. काय बोलायचं? कुलपातलं त्यांना एवढंच कळत होतं, की घराची किल्ली कायम त्यांच्याकडूनच हरवते. खिशात फोन थरथरला. बायकोचा मेसेज होता: सगळे बसलोय बघायला. दादा पुढे आहे. तो निळा शर्ट घालायला हवा होता.

दाजींनी मेसेज पुन्हा वाचला.

स्टेजवर परिषदेचे अध्यक्ष उभे होते. झुपकेदार मिशा, गळ्यात शोभेची पितळी किल्ली. त्यांनी दाजींना हाताला धरून वर घेतलं आणि मधल्या खुर्चीत बसवलं. हॉल टाळ्यांनी दणाणला. मागच्या पडद्यावर दाजींचा चेहरा भिंतीएवढा झाला. तो उंच गोरा माणूस तर उभा राहून टाळ्या पिटत होता.

दाजींनी इतक्या टाळ्या जन्मात ऐकल्या नव्हत्या. हळूहळू त्यांची पाठ ताठ झाली. होईल ते होईल, घरी बघतायत. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून थोडंसं, मेहुण्यापुरतं, हसून घेतलं.

अध्यक्षांनी दाजींच्या गळ्यातला बिल्ला दोन बोटांनी उचलून सगळ्यांना दाखवला.

“मंडळी, हा बिल्ला आपण दरवर्षी टेबलावर ठेवतो. कोणाचाच नसतो. यंदा किती वेळ टिकतो बघू म्हटलं, तर सकाळीच गेला.”

हॉल खदखदून हसला. खिशात फोन थरथरायला लागला आणि थांबेचना.

“आता परदेशी मंडळींनी आपला शब्द पाठ केलाय का बघू,” अध्यक्ष म्हणाले. “न बोलावता जो घरात शिरतो, त्याला आपल्या धंद्यात काय म्हणतात?”

“पाहुणा,” सगळा हॉल एका सुरात म्हणाला.