उरलेल्या धुराचे तीळ

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण या कुरडयांनी परगावचा धूर खाल्लाय," आठवडे बाजारात हणमंतनाना एका गिऱ्हाईक बाईंना रंगवून सांगत होते. बायकोने गच्चीवर वाळवलेला माल तीन बाजार तसाच परत गेला होता. आजही परत आला तर ती कुरडया करणंच सोडणार होती.

"सरकारने कारखान्यांना मोजून धुराचे परवाने दिले, बाई. पलीकडच्या तालुक्यातल्या कारखानदाराने धुराड्याला गाळणी लावली, त्याचे परवाने उरले. ते आमच्या गावच्या भट्टीवाल्याने विकत घेतले, म्हणजे त्याच्या वाटचा धूरही हाच सोडायला मोकळा! आता तिकडे आभाळ निळं, इकडे आमचा शेंबूडसुद्धा काळा. आणि सगळं कायदेशीर. थूत्!"

"मग हे काळे ठिपके?" बाईंनी विचारलं.

गोष्टीच्या भरात नाना आपणच खड्ड्यात उतरले होते. "तीळ! हिने हौसेने घातलेत." आयुष्यभर त्यांनी थापा मारल्या, पण एवढी किळस कुठल्याच थापेची आली नव्हती. माणसांना काजळी खाऊ घालायची!

बाईंनी ठिपका चोळला आणि काळं बोट त्यांच्या नाकासमोर धरलं.

"धूर विकतात, हे पटलं हो नाना. पण तिळाचा रंग कधी बोटाला लागतो?"